वाढत्या मापाचं हेलिकॉप्टर

धम्मपाल पगारे माझ्या दुकानाची पायरी चढले, की मी गळ्यातली टेप काढायच्या आधीच त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "ताई, वाढतं शिवा बरं का."

माझं दुकान नाशिकच्या सिडकोत, पवननगरच्या बाजारामागच्या गल्लीत. शाळेचे गणवेश हा माझा धंदा. वाढतं शिवा म्हणणारी गिऱ्हाइकं मला नवी नाहीत. इथली अर्धी वस्ती अंबडच्या कारखान्यांत जाते, आणि पोरं काही कंपनीला विचारून वाढत नाहीत. म्हणून पँटीला खाली चार बोटं दुमड ठेवायची, शर्टाच्या शिवणीत जास्तीचं कापड सोडायचं, आणि दर जूनमध्ये तीच पँट परत आणून दुमड उसवून घ्यायची, ही आमच्याकडची रीत. निम्म्या सिडकोच्या पोरांची उंची मी दुमडी उसवून मोजली आहे.

पण धम्मपालभाऊंचं प्रकरण रीतीच्या पुढचं होतं. घरात माणसं तीन आणि कुकर बारा माणसांचा. चप्पल स्वतःची, तीही एक नंबर मोठी. लग्नातला सफारीसुद्धा त्यांनी वाढत्या अंगाचा शिवला होता, असं त्यांची बायको अंजली सांगते. लग्नानंतर माणूस अंग धरतो, असा त्यांचा हिशोब. भाऊंनी काही अंग धरलं नाही. त्या सफारीत आजही एक भाडेकरू ठेवता येईल. मी चिडवलं की ते हसायचे आणि म्हणायचे, "ताई, वस्तू माणसाच्या पुढं पाहिजे. मागं पडली की संपली."

त्यांचा एकुलता एक मुलगा सुयश. पहिल्या गणवेशात तो असा दिसायचा, की शर्ट शाळेत चाललाय आणि आत कोणीतरी बसलंय. पोरगं मात्र गोड, बडबडं. तिसरीत असताना भाऊंनी त्याला माझ्या स्टुलावर उभं केलं आणि मोठ्या अभिमानानं म्हणाले, "पोटऱ्या बघा ताई. पैलवान होणार हा." पोटऱ्या खरंच भरलेल्या होत्या. फक्त जमिनीवरून उठताना तो आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत उठायचा, आणि जिन्यात पडायचा. पुढं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या भरलेल्या पोटऱ्या हाच आजार. स्नायू आतून झिजत जाणार. आधी पाय, मग खांदे, मग हात. त्याला औषध नाही. बोटं सगळ्यात शेवटी जातात, असंही त्यांनी सांगितलं होतं.

चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सुयशचं माप मी पहिल्यांदा घेतलं, त्या दिवशी मला वाटलं, आता भाऊ ते वाक्य म्हणायचे नाहीत. पण ते म्हणाले. दर वर्षी म्हणाले. चौदा एप्रिलला भीमजयंतीसाठी सुयशला नवा पांढरा शर्ट लागतो, तो मीच शिवते. पोराचे दंड बारीक होत चालले, खांदे आत आले, आणि मी मात्र दर वर्षी इंचभर वाढवून कापत राहिले. शर्ट खुर्चीत बसायचा आणि सुयश शर्टात. बापाला काय सांगणार?

गेल्या वर्षी सुयश एकोणीस वर्षांचा झाला. बारावी करून घरीच होता. हात उचलून तोंडाशी नेता येत नव्हता, घास अंजली भरवायची, पण हात टेकवून दिला की बोटं चालायची. त्या बोटांनी तो कॉम्प्युटरवर हेलिकॉप्टर उडवायचा. म्हणजे खेळ नव्हे; खरं रिमोटवालं हेलिकॉप्टर कसं वागेल, वारा आला तर कसं ढळेल, हे सगळं त्या पडद्यावर शिकायला मिळतं. महिनोन्‌महिने त्याचं तेच चालू. मी एकदा म्हटलं, "अरे, लग्नात फोटोवाला तो ड्रोन उडवतो, तसला घे की. लय सोपा दिसतो."

"ड्रोन स्वतःच हवेत उभा राहतो, मावशी," तो म्हणाला. "हेलिकॉप्टर उभं ठेवावं लागतं. सारखं. बोटं काढली की गेलं."

"मग ते कशाला पाहिजे?"

"म्हणूनच पाहिजे."

मी तोंडाळ बाई. नांदगावची आहे, मनात येईल ते बोलून मोकळी होते. पण त्या पोरापुढं माझं काही चालत नाही.

पावसाळ्याच्या शेवटी अंजली दुकानात आली. रिळांच्या फळीपाशी उभी राहिली आणि रिळं उगाच सरळ करत बसली. म्हणाली, "ताई, डॉक्टरांना दाखवून आणलं. बोटांचंही सुरू झालंय म्हणतात." मी मशीन थांबवलं. ती पुढं म्हणाली, "त्याला खरं हेलिकॉप्टर उडवायचंय. एकदा तरी, स्वतःच्या हातानं. मापं असतात त्यांची लहानमोठी. तो म्हणतो सगळ्यात लहान घ्या, घरातल्या घरात उडतं, आजच उडवतो. आणि हे म्हणतात मोठं घेऊ." एवढं बोलून तिनं माझ्याकडं पाहिलं. "रविवारी घ्यायला चाललेत. माझी ड्युटी आहे. तुम्ही जाल का सोबत? त्यांना सांगा ना. तुमचं ऐकतात."

आमच्याच गल्लीतल्या सहादूच्या रिक्षातून आम्ही गंगापूर रोडला गेलो. सुयशला भाऊंनी मांडीवर घेतलेलं, खुर्ची घडी करून माझ्या पायांशी. माझ्या पिशवीत मी शिवलेली एक कापडी झोळी होती. गळ्यात अडकवायची, म्हणजे रिमोट छातीपाशी टेकून राहतो आणि सुयशला तो पेलावा लागत नाही. माप त्यानंच सांगितलं होतं. अंगठे रिमोटवरच्या दोन बारक्या काठ्यांच्या टोकांवर बरोबर पोचले पाहिजेत म्हणून मी दोनदा उसवून शिवली.

दुकान तळमजल्यावर होतं, एवढं बरं. दिनेश नावाचा तरुण मालक होता, सुयशहून दहाएक वर्षांनी मोठा. त्यानं काचेवर एकामागून एक तीन हेलिकॉप्टरं मांडली. पहिलं तळहातावर मावेल एवढं, एकावर एक दोन पंखे असलेलं. "हे नवशिक्याचं," तो म्हणाला. "हॉलमध्ये उडवा. भिंतीला लागलं तरी काही होत नाही. फक्त बाहेर नेऊ नका, वारा उडवून नेतो." दुसरं हातभर लांब. तिसरं म्हणजे सायकलच. त्याचं पातं पाहून मला कोयता आठवला. "हे मोठं हवेत स्थिर असतं," दिनेश म्हणाला, "वाऱ्यातही ढळत नाही. पण पडलं तर पडलं. आणि पात्याजवळ कोणी असेल तर विचारू नका."

भाऊंनी या सगळ्यातून एवढंच ऐकलं. "बघ," ते सुयशला म्हणाले, "मोठं स्थिर असतं."

"काका, हात बसलेल्या माणसाला स्थिर," दिनेश म्हणाला. "पहिल्यांदा उडवणाऱ्यानं लहानच घ्यावं. तुमचं काय ठरलंय?"

"पप्पा, लहान," सुयश म्हणाला. त्याची नजर त्या तळहाताएवढ्या यंत्रावरून हलत नव्हती. "चार्ज करून आज रात्रीच उडवतो."

"अरे, ते खेळणं आहे. महिन्याभरात कंटाळशील."

"कंटाळू दे ना."

"मग परत मोठं घ्यावंच लागेल. त्यापेक्षा आत्ताच थोडं वाढतं घेऊ. हळूहळू हात बसेल तुझा."

हळूहळू! मी पुढं झाले आणि म्हटलं, "धम्मपालभाऊ, लहानच घ्या. पोरगं मागतंय ते द्या."

ते माझ्याकडं वळले. हळू आवाजात म्हणाले, "ताई, लहान घ्या म्हणजे काय? म्हणजे पुढं काही नाहीच, असं का?"

दिनेश काच पुसायला लागला. या बापाला सगळं माहीत होतं. डॉक्टरांच्या पुढ्यात तोच बसला होता. मोठी वस्तू घरात आली तर तिच्याएवढं व्हायला पोराला वेळ द्यावाच लागेल, एवढाच त्याचा हट्ट होता, आणि तो हट्ट कोणाशी चालला होता ते त्यालाच ठाऊक.

सुयशनं बापाकडं पाहिलं. मग म्हणाला, "बरं. ते मधलं घ्या. सायकलएवढं नको, मम्मी घरात घेणार नाही."

भाऊ एकदम खुलले. वाढतं ते वाढतं, मधलं तर मधलं. ते खोकं बांधून घेत होते तेव्हा मी सुयशची झोळी सारखी करायला वाकले. तो कानाशी पुटपुटला, "राहू दे मावशी. त्यांना घेऊ दे."

हातभर लांबीचं ते हेलिकॉप्टर दोन खोल्यांच्या घरात येऊन बसलं. कपाटावर ठेवलं तर शेपूट बाहेर, पलंगाखाली ठेवलं तर पाय लागायचा. भाऊ कामावरून आले की ते काढून पुसायचे. शिकाऊ माणसासाठी त्याच्या खाली काड्यांचा चौकोन आणि टोकांना चेंडू लावतात, म्हणजे ते लगेच कलंडत नाही. भाऊंनी तो चौकोनही सांगितल्यापेक्षा मोठा केला. आता बोला.

सुट्टीच्या दिवशी अंबडच्या पलीकडं, पाथर्डीच्या बाजूला एका मोकळ्या रानात आम्ही गेलो. अंजली होती, मी होते, सहादू रिक्षाला टेकून उभा होता. भाऊंनी हेलिकॉप्टर बरंच लांब नेऊन ठेवलं आणि परत येऊन सुयशचे अंगठे एकेक करून काठ्यांवर टेकवले. पंखा फिरायला लागला तसं रानातलं गवत आडवं झालं. आवाज ऐकून मी पदर तोंडाशी धरला. सुयशचा डावा अंगठा हळूहळू वर सरकत होता. एवढीशी वाट, पण पोराच्या कपाळावर घाम आला. खालचे चेंडू हलके झाले. हेलिकॉप्टर जमिनीवरून सुटलं की नाही असं झालं, अंजली "उठलं, उठलं" म्हणेपर्यंत ते डावीकडं सरकलं, कलंडलं, आणि पाती जमिनीवर आपटून तुकडे उडाले.

सगळं थांबल्यावर सुयश म्हणाला, "उजवीकडं दाबायचं होतं. मला कळलं होतं, पप्पा. अंगठ्यालाही कळलं होतं. पोचला उशिरा."

"काही नाही रे," भाऊ तुकडे वेचत म्हणाले. "पहिल्यांदा सगळ्यांचं होतं. पार्ट मिळतात."

पार्ट मिळतात, पण बाहेरून मागवावे लागतात. ते यायला दिवाळी उलटली. बसवताना एक चुकीचा निघाला, तो परत गेला. तोवर नाशिकची थंडी पडली. थंडीत सुयशची बोटं सकाळी मुळीच उघडायची नाहीत. अंजली कोमट पाण्यात धरून एकेक सोडवायची. आणि मग त्याच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात ठेवावं लागलं, नाकाला श्वासाचं मशीन लावलं. भाऊ कंपनीतून थेट तिकडं जायचे आणि पलंगाशी बसून सांगायचे, पाती बसवली, शेपूट सरळ झाली, आता फक्त तू घरी ये.

तो घरी आला. मी भेटायला गेले तेव्हा कॉम्प्युटर झाकून ठेवलेला होता. मी विचारलं नाही. कपाटावर ते हेलिकॉप्टर नव्या पात्यांसकट उडायला तयार बसलं होतं. सुयशचा हात चादरीवर होता, बोटं किंचित आत वळलेली. मला भयंकर राग आला. कोणाचा ते मला आजही सांगता येत नाही. धम्मपालभाऊंचा म्हणावा तर त्या माणसाच्या डोळ्यांखाली काळं झालेलं, आणि देवबिव ते मानत नाहीत, त्यामुळं त्यांच्या घरात बसून देवालाही बोलता येईना.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मार्चच्या सुरुवातीला, अंजलीनं मला बोलावून घेतलं. भाऊ कोणाला न सांगता एकटे गंगापूर रोडला जाऊन आले होते. त्यांच्या हातात ते सगळ्यात लहान, तळहाताएवढं हेलिकॉप्टर होतं.

"घे," ते सुयशला म्हणाले. "तू म्हणत होतास ते."

माझी झोळी अंजलीनं जपून ठेवली होती. तिनं ती त्याच्या गळ्यात घातली. तो छोटा रिमोट त्यात हरवून जात होता, म्हणून खाली उशी दिली. भाऊंनी त्याचा अंगठा काठीवर ठेवला. काठी तरी किती हलकी, काडेपेटीतली काडी. आम्ही तिघंही श्वास धरून उभे. सुयशचा जबडा आवळला गेला, मानेच्या शिरा दिसायला लागल्या. अंगठा काठीवर होता तिथंच राहिला. त्यानं पुन्हा जोर लावला. भाऊ म्हणाले, "घाई नको. हळू." तो थांबला, पुन्हा लावला. पंखा एकदाही फिरला नाही.

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. अंजली तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

"पप्पा," सुयश म्हणाला, "तुम्ही घ्या. मी सांगतो."

"मला नाही येत रे."

"म्हणून तर सांगतो म्हणतोय."

भाऊंनी रिमोट घेतला. कंपनीत लोखंड उचलणारी बोटं, काडीएवढ्या काठीवर ती मावेनात. पहिल्यांदा हेलिकॉप्टर थेट छताला लागलं. दुसऱ्यांदा पलंगाखाली. तिसऱ्यांदा माझ्या अंगावर आलं आणि मी किंचाळले, तेव्हा सुयश हसला. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच हसला, असं अंजली नंतर म्हणाली. "हळू पप्पा. थोडंसं. अजून थोडं. आता सोडू नका, तिथंच धरा. नाही, उजवीकडं नाही, त्याचं तोंड तुमच्याकडं आहे, सगळं उलटं होतं. डावं. हां. हां."

आणि ते उभं राहिलं. पलंगाच्या वर, सुयशच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर, भुणभुणत, जरा थरथरत, पण उभं राहिलं. भाऊ तोंड उघडं टाकून त्याच्याकडं बघत होते. अंजलीही बघत होती. मी सुयशकडं पाहिलं. तो हेलिकॉप्टरकडं बघतच नव्हता. तो बापाच्या अंगठ्यांकडं बघत होता.

आता चौदा एप्रिल जवळ आला. परवा धम्मपालभाऊ पांढरं कापड घेऊन आले. सुयशला दुकानात आणणं आता जमत नाही, म्हणून टेप आणि खडू घेऊन मीच त्यांच्या घरी गेले. खांदा घेतला, छाती घेतली, बाही घेतली. आकडे मी मोठ्यानं म्हटले नाहीत. भाऊ दारात उभे होते. त्यांच्या वाक्याची मी वाट पाहिली, ते आलं नाही, म्हणून मग मीच विचारलं, "वाढतं ना, भाऊ?"

सुयशनं डोळे मिटले होते. झोपला असावा.

"नको ताई," ते म्हणाले. "आत्ता आहे तेवढंच शिवा. त्याला नीट बसू दे."

मी दुकानात येऊन कापड कापायच्या टेबलावर पसरलं आणि सवयीनं खडूची रेघ इंचभर बाहेर मारली. मग ओल्या बोटानं ती पुसली आणि आतून दुसरी मारली.